दोघांनीच अँडीज चढायचा तर: सांताक्रूझ ट्रेकचा हिशोब

पेरूतला सांताक्रूझ ट्रेक दोन्ही टोकांकडून करता येतो. बऱ्याच एजन्सी वाकेरियाकडून चढवतात, कारण तिथे गाडी थेट ३७०० मीटरवर नेऊन सोडते आणि एकूण चढ कमी पडतो. पण दोघंच जाणार असाल, सॅक स्वतःच्या पाठीवर असणार असेल, तर हा वाचवलेला चढ महागात पडू शकतो. दोघांनी काशापाम्पाकडून, म्हणजे २९०० मीटरवरून चढावं.

दहा जणांच्या ग्रुपमध्ये उंचीवरच्या विरळ हवेने एकाचं डोकं धरलं तर दोघं त्याला घेऊन उतरतात आणि बाकीचे पुढे जातात. नवरा-बायको दोघंच असताना एक आडवा झाला की उरलेला एक माणूसच डॉक्टर, हमाल आणि दुभाष्या होतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: इथे एकाला बरं नसेल तर दुसरा काय करू शकतो? काशापाम्पाकडून चढताना पहिल्या दोन दिवसांत काही झालं तर आल्या वाटेने परतायचं. सगळी दरी उताराची आहे, खाली २९०० मीटरवर गाव आणि तिथून गाडीने कारासला २२५० मीटरवर. वाकेरियाकडून चढलात आणि पहिल्याच रात्री पारियाच्या मुक्कामात त्रास सुरू झाला तर? आधी दरी उतरायची, मग वाकेरियाच्या रस्त्यापर्यंत शेवटचा चढ चढायचा, आणि गाडी मिळाली तरी ती युंगायला जाताना ४७६७ मीटरची यांगानुकोची खिंड ओलांडणार. ज्याला उंचीचा त्रास होतोय त्यालाच आणखी नऊशे मीटर वर न्यायचं. हे गणित एजन्सीच्या पत्रकात नसतं. त्यांच्याकडे गाइड, स्वयंपाकी आणि गाढवं असतात, त्यामुळे त्यांचं चालून जातं.

हा ट्रेक वास्करान नॅशनल पार्कात आहे. पार्क १९७५ सालचं, १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. कोर्दियेरा ब्लांका, म्हणजे पांढरी रांग, या डोंगररांगेत वास्करान हे पेरूतलं सर्वात उंच शिखर आहे, ६७६८ मीटर. ट्रेकची लांबी ४५ ते ५० किलोमीटर, चार दिवस तीन रात्री, आणि सर्वोच्च जागा पुंता उनियोन ही ४७५० मीटरची खिंड. नकाशावर या भागातली अर्धी नावं एचने सुरू होतात, पण स्पॅनिशमध्ये एच उच्चारत नाहीत. ज्या गावातून सगळी तयारी करायची ते वारास. बसच्या खिडकीवर हुआराझ म्हणून विचारलंत तर समोरचा नुसता बघत राहील.

इंका ट्रेल का नाही, हे कोणी तरी विचारणारच. तिथे दिवसाला ५०० परमिट, त्यातही हमाल-गाइड धरलेले, परवानाधारक एजन्सीशिवाय प्रवेश नाही आणि फेब्रुवारीत वाट बंद. माचू पिच्चू बघायचं असेल तर जरूर जावं. पण स्वतःची चूल स्वतः पेटवून, स्वतःच्या वेगाने चालायचं असेल तर ती जागा नाही. कुस्कोजवळचा आउसांगातेचा फेरा सुंदर आहे, पण तिथे एक खिंड ५२०० मीटरच्या आसपास जाते आणि चार हजारांच्या खाली फारसं उतरताच येत नाही. तो दुसऱ्या खेपेला.

हंगामाचा योग नाशिककरांच्या सोयीचा आहे. अँडीजमध्ये कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर. आपल्याकडे गोदेला पाणी चढतं आणि दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला याची चर्चा सुरू होते, तेव्हा तिकडे आकाश निळंशार असतं. तिकडे तो हिवाळा, पण विषुववृत्त जवळ असल्यामुळे दिवस फार लहान होत नाही. साधारण सव्वासहाला उजाडतं आणि सहा-सव्वासहाला अंधार पडतो. दिवसा उन्हात टी-शर्ट पुरतो. रात्री ४२५० मीटरवर पारा शून्याखाली पाच अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली जातो. निफाडचा पारा चार-पाचवर आला की आपल्याकडे पेपरात मथळा येतो, यावरून अंदाज घ्या. स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचा कम्फर्टचा आकडा बघायचा, लिमिटचा किंवा एक्स्ट्रीमचा नाही. कम्फर्ट उणे पाच ते उणे दहा हवा. एक्स्ट्रीमचा आकडा म्हणजे माणूस कसाबसा जिवंत राहील, झोपणार नाही.

सरावाबद्दल. बारीतून कळसूबाई म्हणजे जवळपास ८०० मीटरचा चढ. काशापाम्पा ते यामाकोराल हा पहिल्या दिवसाचा टप्पाही ८६० मीटरचा आहे. म्हणजे पायांना जे काम पडणार ते इथेच करून बघता येतं, अट एवढीच की पाठीवर १२ ते १४ किलो हवेत. रिकाम्या सॅकने कळसूबाई दहादा केली तरी उपयोग नाही. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं, आणि गुडघे फारच बोलायला लागले तर वर पाणी ओतून उतरायचं. नंतर एकदा बागलाणात साल्हेरला टेंट लावून मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालावं. पहिल्या दिवशी सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना खरं कळतं. फुफ्फुसांचा सराव मात्र इथे होत नाही. नाशिकला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९३ टक्के असतो, कळसूबाईच्या माथ्यावर ८२, आणि पुंता उनियोनला ५५ ते ५७. रोज गंगापूर रोडवर दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही त्या उंचीवर डोकेदुखी होते, आणि चाल दमदार असल्यामुळे तो जास्त वेगाने वर जाऊन बसतो, म्हणून थोडी जास्तच.

कागदपत्रांत दोन गोष्टी भारतीयांना आडव्या येतात. पेरूसाठी भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा असेल तर २०१७ पासून त्यातून सूट आहे. दोघांपैकी एकाकडेच तो असणं ही नेहमीची अडचण, म्हणून तिकीट काढण्याआधी दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून बघा. थेट विमान नाहीच. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. दुसरी गोष्ट पीतज्वराची लस. डोंगरात पीतज्वराचा डास नाही, त्यामुळे पेरूत कोणी कार्ड विचारत नाही आणि लोक निर्धास्त राहतात. विचारतात ते परत आल्यावर, आपल्याच विमानतळावर. पीतज्वराच्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे, आणि कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रातच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मुंबईत केंद्रं आहेत, पण वार आणि वेळ ठरलेली असते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते.

लिमा समुद्रकाठी, वारास ३०५० मीटरवर. बस सुमारे आठ तास घेते आणि वाटेत कोनोकोचाजवळ चार हजार मीटर ओलांडते. बहुतेक जण रात्रीची बस घेतात. दिवसाची घ्यावी. झोपेत श्वास आधीच मंदावतो आणि तशाच अवस्थेत समुद्रसपाटीवरून चार हजारावर गेलात तर वारासला डोकं धरूनच उतराल. शिवाय दिवसा वाळवंटातून डोंगर उगवताना दिसतो, तो फुकट मिळतो.

वारासमध्ये उंचीची सवय व्हायला पूर्ण चार दिवस ठेवावेत. तिथे पोचल्यावरचा पहिला दिवस काही नाही, बाजारात फिरायचं आणि पाणी प्यायचं. दुसऱ्या दिवशी विल्काकोचा, ३७०० मीटरवरचं छोटं तळं. जाऊन-येऊन अर्धा दिवस. तिसऱ्या दिवशी चुरुपचं तळं, ४४५० मीटर, शेवटच्या कातळावर दोर लावलेले आहेत. झोपायला दोन्ही दिवस वारासलाच परत. चौथा दिवस खरेदी आणि सॅक भरायला. अनेक जण दुसऱ्याच दिवशी ४६०० मीटरवरचा लगुना ६९, म्हणजे तिथलं प्रसिद्ध तळं, करतात, कारण इन्स्टाग्रामवर तोच दिसतो. तिथे वाटेवर बसून ओकणारे रोज दिसतात. नियम साधा आहे: ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त उचलायची नाही आणि तीन-चार दिवसांत एक रात्र त्याच उंचीवर काढायची. सांताक्रूझमध्ये पहिल्या रात्री हा नियम थोडा मोडतोच, वारासच्या ३०५० वरून यामाकोरालच्या ३७६० ला. ती उधारी आधीच्या चार दिवसांतून फेडायची असते, म्हणून त्यात काटछाट नको.

पार्कचं तिकीट वारासच्या ऑफिसात मिळतं, परदेशी माणसाला मुक्कामाच्या ट्रेकसाठी ३० दिवसांचं १५० सोलचं (सोल म्हणजे पेरूचं चलन). गाइडशिवाय जाण्याबद्दलचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट घेतानाच विचारून घ्यावं. पासपोर्ट जवळ ठेवा. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या. कोपरा जरासा फाटलेली नोटसुद्धा घेत नाहीत. आणि सुटे सोल साठवा. कोलेक्तिवोवाला, म्हणजे आपली काळीपिवळी धरा, शंभरची नोट बघून जो चेहरा करतो तो नाशिकरोडच्या रिक्षावाल्यासारखाच असतो.

आता चूल. भारतात ऑनलाइन जो स्वस्त पोर्टेबल स्टोव्ह मिळतो त्याला लांबट, नोझलचा डबा लागतो. ट्रेकिंगचा डबा बुटका, घुमटासारखा आणि आट्यांचा असतो. दोन्ही एकमेकांना बसत नाहीत. म्हणून आट्यांचा बर्नर इथून न्यायचा आणि डबा वारासला घ्यायचा, कारण गॅसचा डबा विमानात कोणत्याच बॅगेत चालत नाही. बर्नर वापरलेला असेल तर घासून नेणं बरं. रॉकेल-पेट्रोलचा वास येणारा स्टोव्ह विमानतळावर काढून ठेवतात. डब्यावर नुसतं ब्यूटेन लिहिलेलं असेल तर तो सोडा. ब्यूटेन शून्याच्या आसपास उकळायचंच थांबतं, पहाटे ज्योत मेणबत्तीएवढी होते. आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण हवं. तरी डबा रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपायचं.

दोघांना दिवसाला साडेतीन लिटर पाणी उकळावं लागतं: सकाळचा चहा आणि नाश्ता, रात्रीचं जेवण, झोपताना एक गरम बाटली. पाच अंशांच्या पाण्याला ५० ग्रॅमच्या आसपास गॅस जातो, वारा असेल तर जास्त. तीन रात्रींना २३० ग्रॅमचा एक डबा हिशोबात बसतो. न्यायचे मात्र दोन. फिल्टर बिघडला तर सगळं पिण्याचं पाणी उकळावं लागतं, आणि फिल्टर बिघडतोच. आतल्या बारीक नळ्यांत राहिलेलं पाणी रात्री गोठतं, नळ्या तडकतात. सकाळी पाणी नेहमीसारखंच येतं, फक्त गाळलं जात नाही, आणि बघून ते कळत नाही. म्हणून फिल्टरही झोपताना अंगाशी. एका स्लीपिंग बॅगेत डबा, दुसरीत फिल्टर, मोबाइल आणि बॅटऱ्या वाटून घ्यायच्या. क्लोरीनच्या गोळ्या हा तिसरा उपाय, पण थंड पाण्यात त्यांना दुप्पट वेळ द्यावा लागतो. दरीत गाई चरतात, मुक्कामांच्या वरसुद्धा, म्हणून झरा कितीही काचेसारखा दिसला तरी तसंच प्यायचं नाही. तांबूस, गंजासारखे दगड असलेल्या ओढ्याचं पाणी तर भरायचंच नाही; त्यात धातू विरघळलेले असतात आणि ते ना उकळून जातात, ना फिल्टरने.

ताउयिपाम्पाला पाणी सुमारे ८६ अंशांना उकळतं. म्हणजे जंतू मरतात, तीन मिनिटं खळखळू द्या, पण डाळ शिजत नाही. तास गेला तरी तूर दाताखाली कचकचते आणि गॅस संपतो. दीड लिटरचा कुकर नेला तर आत ११० च्या पुढे जातं आणि शिजतं. मात्र कुकर किलोभराचा. आठ-दहा दिवसांच्या ट्रेकला दोघांत तो परवडतो, चार दिवसांसाठी नाही. त्यापेक्षा न शिजवता भिजणारं न्या. पातळ पोहे, मेतकूट, भाजलेल्या चण्याचं सातूचं पीठ, भाजलेला रवा. रवा तुपात भाजून मीठ, जिरं, सुकं आलं आणि वाळवलेला कढीपत्ता मिसळून पाकिटात भरला की उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की उपमा. पाकीट स्लीपिंग बॅगेत गुंडाळून ठेवलं तर आणखी छान फुलतो. कच्ची डाळ, बी-बियाणं, दुधाचे पदार्थ पेरूच्या कस्टममध्ये अडकतात, ते नेऊ नका; बाकीचं खाणं फॉर्मवर लिहून दाखवा. वारासच्या बाजारात ओट्स, किन्वाचे पोहे, बटाट्याची पावडर, पाव, चीज, मनुका, शेंगदाणे सगळं मिळतं. दर माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं खाणं धरा. वर भूक मरते, म्हणून जे घरी मिटक्या मारत खाता तेच न्या. पौष्टिक म्हणून घेतलेला बेचव बार चार दिवस हिंडून नाशकात परत येतो.

शाकाहारी असाल तर वारासमध्ये नुसतं मांस नको म्हणून भागत नाही. सिन कार्ने म्हटलं की कोंबडी येते. सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत, असं पूर्ण म्हणायचं. सूप बहुतेक हाडांच्या पाण्याचंच असतं. सोमवारी खानावळीत मसूर मिळण्याची शक्यता चांगली. सोमवारी मसूर हा पेरूतला जुना रिवाज आहे.

सॅक भरताना दोघं नैसर्गिकपणे वाटणी करतात, टेंट एकाकडे आणि स्वयंपाक दुसऱ्याकडे. वजन सारखं होतं, पण चालताना अंतर पडलं, धुकं आलं किंवा वाट चुकली तर एकाकडे घर उरतं आणि दुसऱ्याकडे चूल. त्यामुळे वाटणीआधी काही गोष्टी प्रत्येकाच्या सॅकमध्ये वेगळ्या हव्यातच: स्लीपिंग बॅग, डाउन जॅकेट, रेनकोट, हेडटॉर्च, लायटर, एक लिटर पाणी, दिवसाचं खाणं, ऑफलाइन नकाशा असलेला फोन, थोडे पैसे आणि औषधांची अर्धी पट्टी. मग उरलेलं वाटायचं. ज्याचं वजन जास्त त्याच्याकडे जास्त, निम्मं-निम्मं नाही. शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागावर सॅक जाऊ देऊ नये. ५५ किलोच्या माणसाला ११, ७५ च्याला १५. फाट्यावर पुढच्याने थांबायचं, आणि चाल नेहमी हळू चालणाऱ्याची. हळू चालणारा पुढे राहिला तर ते आपोआप होतं.

टेंट दोघांचा घ्यायचा की तिघांचा? तिघांचा साधारण अर्धा किलो जास्त असतो, तो उचलावा. आजारी माणसाला आडवं करून दुसऱ्याला शेजारी बसता येतं, सॅक आत घेता येतात. सॅक आत घेणं इथे चोरीमुळेही बरं. बूट बाहेर ठेवायचेच नाहीत. जमीन कडक असते, खुंट्या वाकतात; दोऱ्या दगडांना बांधायला तीन-चार मीटर जास्तीची सुतळी ठेवा. दोघांच्या श्वासाची वाफ रात्री छताला गोठते आणि सकाळी ऊन आलं की अंगावर टपकते. थंडी कितीही असो, वरची जाळी चार बोटं उघडी ठेवायची. स्टोव्ह आत पेटवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते, तेव्हा काय चाललंय ते कळणारही नाही.

वाट अशी. वारासहून कोलेक्तिवोने कारास, तिथून दुसऱ्या गाडीने काशापाम्पा. पहाटे निघालात तर साडेनऊ-दहाला चालायला लागता. पहिले दोन तास अरुंद घळीतला खडा, रुक्ष चढ आणि ऊन. इथेच लोक दमून वेळ घालवतात. नंतर दरी रुंद होते आणि यामाकोराल येतं, ३७६० मीटर. दुसरा दिवस जवळजवळ सपाट: हातुनकोचाचं निळं तळं, मग वाळूचं एक मोठं मैदान. ते मैदान नैसर्गिक वाटतं, पण २०१२ च्या फेब्रुवारीत वरच्या आर्तिसोन तळ्यांतून फुटून आलेल्या पुराने ते केलं आहे; वाटेचा काही भागही तेव्हा वाहून गेला. म्हणून टेंट ओढ्याच्या पात्रात न लावता ठरलेल्या मुक्कामाच्या जागीच लावायचा. ताउयिपाम्पा ४२५० मीटरवर, समोर ५८३० मीटरचा ताउयिराहू. अंग चांगलं असेल तर वाटेत अल्पामायो शिखराच्या बाजूच्या दरीत जाऊन येता येतं. जराही शंका असेल तर तिकडे वळू नये, दुसऱ्या दिवशीची ताकद त्यात जाते.

तिसऱ्या दिवशी ५०० मीटर चढून पुंता उनियोन. सॅक घेऊन तीन तास, कधी साडेतीन. कातळाच्या भिंतीत एक चीर आहे तीच खिंड. अगदी जवळ जाईपर्यंत वाट कुठून जाणार ते कळत नाही. दुपारनंतर ढग आणि वारा येतो, म्हणून बारापर्यंत खिंड पार व्हायलाच हवी. सकाळी सातला निघा, आणि अकराला अर्ध्या चढावर असाल तर परत फिरा. पलीकडचा उतार पहिल्यांदा ओल्या कातळाचा, पुढे वारिपाम्पाच्या दरीत नऊशे मीटर खाली पारियापर्यंत. गुडघ्यांची परीक्षा इथे आहे, चढावर नाही. दोन-दोन काठ्या घ्याच.

खिंड ओलांडल्यावर मात्र परतीची सोपी वाट बंद होते, पुढे पलीकडचं वाकेरियाच. म्हणून ताउयिपाम्पाची रात्र ही निर्णयाची रात्र. तिथे दोघांनी एकमेकांना नीट तपासावं. डोकेदुखी, आणि तिच्यासोबत मळमळ, गळून जाणं किंवा चक्कर यातलं काहीही एक असेल तर तो उंचीचाच त्रास धरायचा, दुसरं कारण शोधत बसायचं नाही. तेवढ्यावर थांबलं तर त्याच जागी आणखी एक रात्र काढायची; म्हणून खाणं एका दिवसाचं जास्त ठेवायचं. वाढलं तर उतरायचं, त्याच रात्री. सरळ रेषेत टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. झोक जात असेल तर मेंदूला सूज येऊ लागली आहे. बसल्या जागी दम, कोरडा खोकला, झोपल्यावर जास्त धाप म्हणजे फुफ्फुसात पाणी. दोन्हीत सकाळची वाट बघायची नाही, हेडटॉर्च लावून दरीतून खाली निघायचं. आजारी माणसाच्या सॅकमधलं फक्त जॅकेट आणि स्लीपिंग बॅग घ्या, बाकी टेंटमध्ये सोडून द्या. हंगामात मुक्कामावर इतर ग्रुपचे आरिएरो, म्हणजे गाढवंवाले असतात. त्यांना उठवायला लाजू नका.

कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर घरात पडला असेल तर न्या, पण आकड्यावर निर्णय घेऊ नका. चार हजारांवर ८० ते ८८ सर्वसाधारण असतं, आणि बोटं गार असतील तर मशीन वाट्टेल ते दाखवतं. डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, आपल्या डॉक्टरांशी बोला. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते, तिचे दोन तुकडे होतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, सारखी लघवीला होते. म्हणून पहिली गोळी नाशकातच घेऊन बघा, तिकडे रात्री दोनला उणे पाचमध्ये टेंटची चेन उघडताना आश्चर्य नको. कोकाच्या पानांचा चहा तिथे कायदेशीर आहे, सगळीकडे मिळतो. पण पानं किंवा टी-बॅग आठवण म्हणून भारतात आणायच्या नाहीत. इथे तो अमली पदार्थांचा गुन्हा आहे.

याहून अवघड गोष्ट औषधाची नाही. दोघांनी काही लाख घातलेले असतात, वर्षभर ऑफिसातून सुट्ट्या वाचवलेल्या असतात, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचा ट्रेक बुडू नये म्हणून ज्याला त्रास होतोय तो गप्प बसतो. विचारलं तर “मी बरा आहे, तू चल” असंच उत्तर येतं. म्हणून घरातच, निघण्याआधी ठरवून टाकायचं: उतरायचा निर्णय ज्याला बरं वाटतंय त्याचा, आणि त्यावर वाद वारासला पोचल्यावर घालायचा. रोज संध्याकाळी सहाला दोघांनी आपापली डोकेदुखी शून्य ते तीनमध्ये सांगायची, विचारायची वेळच ठेवायची नाही.

दरीत मोबाइलला रेंज नाही. सॅटेलाइट मेसेंजर वापरायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: असं यंत्र परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाही, विमानतळांवर प्रवाशांवर गुन्हे दाखल झाले आहेत. त्यामुळे ते इथून न्यायचं नाही आणि तिकडून विकत घेऊन आणायचंही नाही. त्याऐवजी वारासच्या लॉजमध्ये परतीची तारीख आणि वाट लिहून द्या, एक दिवस जास्तीचा धरून. विमा घेताना ट्रेकिंगसाठी उंचीची मर्यादा किती लिहिली आहे ते वाचा. ४००० मीटरपर्यंतचा असेल तर ४७५० च्या खिंडीत तो नसल्यासारखाच.

चौथ्या दिवशी पारियाहून दरी उतरत वारिपाम्पा गावातून जायचं आणि शेवटी वाकेरियाच्या रस्त्यापर्यंत चढ. तो छोटाच आहे, पण संपलं असं मनाने धरलेलं असतं म्हणून चिडचिड होते. पाणी इथे जास्त ठेवा. दुपारनंतर गाड्या कमी होतात, त्यामुळे बाराच्या आत रस्त्याला लागावं. गाडी यांगानुकोची खिंड ओलांडून युंगायला उतरते. गावाशेजारी कुंपणाआड जुनं युंगाय आहे. ३१ मे १९७० च्या भूकंपात वास्करानचा एक तुकडा सुटून आला आणि गाव त्याखाली गेलं. गाडी बदलायला इथे अर्धा तास मिळतोच, बघून या.

परतीच्या विमानात पीतज्वराचं कार्ड खांद्यावरच्या बॅगेत, पासपोर्टला रबर लावून. टेंट वारासलाच उन्हात वाळवा. तसाच गुंडाळून आणलात तर जुलैत नाशकात तो वाळणार नाही, आणि आठवड्यात शिवणींवर बुरशीचे काळे ठिपके येतील. राहिलाच ओला तर हॉलमध्ये दोरी बांधून, दोन दिवस पंख्याखाली, उलटा.